मुरमांवरील मौखिक प्रोबायोटिक्स

मुरमांच्या (तारुण्यपिटिकांच्या) नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून पोटातून दिले जाणारे जिवंत सूक्ष्मजीव. रेटिनॉइड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरील नेहमीच्या औषधांना ते पर्याय नव्हेत.

या कल्पनेचा उगम बहुधा स्टोक्स व पिल्सबरी या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांच्या १९३० मधील लेखात दाखवला जातो. मानसिक ताणाने आतड्यांतील सूक्ष्मजीव बदलतात, आतड्याचे अस्तर झिरपू लागते आणि दाह त्वचेपर्यंत पोचतो, अशी त्यांची मांडणी. उपाय म्हणून त्यांनी अ‍ॅसिडोफिलस जीवाणूंचे दूध सुचवले. ही उपपत्ती होती, चाचणी नव्हे. ‘प्रोबायोटिक’ ही संज्ञाही नंतरची. त्यामुळे उपचाराचा आरंभ १९६१ मध्ये धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या वर्षी सायव्हर या डॉक्टरांनी ३०० रुग्णांना अ‍ॅसिडोफिलस व बल्गॅरिकस या जीवाणूंच्या गोळ्या दिल्या; सुमारे ८० टक्के रुग्णांत कमीअधिक सुधारणा नोंदवली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि मुरमे औषधाविनाही कमीजास्त होतात. तेव्हा हा आकडा जपूनच वापरावा.

२०१३ च्या चाचणीत १८ ते ३५ वयाच्या ४५ स्त्रियांचे तीन गट होते : प्रोबायोटिक, मिनोसायक्लिन (टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविक) आणि दोन्ही एकत्र. १२ आठवड्यांनी एकत्रित गट सरस ठरला. केवळ मिनोसायक्लिन घेणाऱ्या दोघींना योनीमार्गाच्या कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गामुळे चाचणी सोडावी लागली. प्रोबायोटिकांचा खरा उपयोग कदाचित येथेच, प्रतिजैविकांचे दुष्परिणाम आवरण्यात, असावा. २०१६ च्या एका लहान अभ्यासात (२० प्रौढ) ऱ्हाम्नोसस या जीवाणूचा एसपी१ हा वाण (जातीतील उपप्रकार) रोज ३ अब्ज पेशी या मात्रेत १२ आठवडे दिला गेला. मुरमांशी जोडल्या जाणाऱ्या इन्सुलिनसदृश वृद्धिघटकाच्या जनुकाची त्वचेतील क्रियाशीलता घटली.

वेष्टनावर जातीबरोबर वाणाचा क्रमांक हवा, कारण एका वाणाचा गुण दुसऱ्याला लागू होत नाही. पेशीसंख्या मुदत संपतानाची पाहावी. निर्मितीवेळची संख्या साठवणुकीत घटते. प्रतिजैविक व जीवाणूजन्य प्रोबायोटिक यांत किमान २ तासांचे अंतर ठेवतात, नाहीतर औषध त्याच पेशी मारते. सॅकरोमायसिस बूलार्डी हे यीस्ट असल्याने जीवाणूनाशकांनी मरत नाही, बुरशीनाशकांनी मरते. दुधातील कॅल्शियम टेट्रासायक्लिन गटातील औषधांचे शोषण कमी करते. दुग्धजन्य प्रोबायोटिकाबाबत हे सहज निसटते. सुरुवातीला पोटात वायू धरतो, तो बहुधा काही दिवसांत ओसरतो. ८ ते १२ आठवड्यांआधी परिणाम जोखता येत नाही. प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्यांना किंवा मध्यवर्ती शिरेत नळी असणाऱ्यांना प्रोबायोटिके देऊ नयेत; क्वचित रक्तसंसर्ग होतो.