चार तासांची गोळी कुठल्या जिल्ह्यात मिळते?

"आता हॉस्पिसमध्ये ठेवलंय" हे वाक्य आपल्याकडे कुजबुजत बोललं जातं. घरच्यांनी हात टेकले आणि रुग्णाला शेवटासाठी नेऊन ठेवलं, असाच त्याचा अर्थ काढतात. या समजुतीत दोन चुका आहेत. हॉस्पिस ही मुळात इमारत नसून सेवा आहे. ती घरीही मिळू शकते. आणि तिचं पहिलं काम म्हणजे रुग्णाची वेदना थांबवणं, म्हणजे तो जेवेल, झोपेल, माणसांशी बोलेल. कॅन्सर हाडांत पसरलेल्या बहुतेक रुग्णांची वेदना तोंडानं घ्यायच्या मॉर्फिननं आटोक्यात येते. ही गोळी स्वस्त आहे आणि तिचा कच्चा माल, अफू, आपल्याच देशात सरकारी परवान्यानं पिकतो. तरीही ती मिळेल की नाही, हे रुग्ण कुठल्या जिल्ह्यात राहतो यावर ठरतं.

हॉस्पिसच्या खाटा कुठं आहेत ते पाहिलं, तर चित्र लगेच दिसतं: नावं मोजक्या शहरांचीच येतात. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. त्याची शाखा गोव्यात लोटलीला आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारं केंद्र, १९९७ पासून मोफत चालतं. मुंबईत टाटा रुग्णालयात या सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. पण खाटांपेक्षा मोठा फरक गोळीच्या उपलब्धतेत आहे. तो कळायला मॉर्फिन शरीरात काय करतं ते पाहावं लागेल.

मांडीच्या हाडात गाठ वाढली की ती तिथल्या चेतातंतूंना डिवचते. त्यांचा निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागात येतो आणि तिथं एक चेतापेशी तो दुसरीला देते. पहिल्या पेशीच्या टोकात कॅल्शियमचे आयन शिरले की ग्लुटामेट आणि 'सबस्टन्स पी' ही रसायनं दोन पेशींमधल्या फटीत सुटतात आणि दुसरी पेशी चेतते. मॉर्फिन या पेशींवरच्या 'म्यू' ग्राहकांना, म्हणजे रसायन धरून ठेवणाऱ्या जागांना, चिकटतं आणि दोन्हीकडून काम करतं. पहिल्या पेशीत ते कॅल्शियमची दारं बंद करतं, त्यामुळे रसायनं कमी सुटतात. दुसऱ्या पेशीत ते पोटॅशियमची दारं उघडतं. धनभारित पोटॅशियम बाहेर पडल्यानं पेशीचा आतला भाग आणखी ऋण होतो आणि ती सहजासहजी चेतत नाही. गाठ जागेवरच असते, निरोप मात्र वर मेंदूकडे जाताना क्षीण होतो.

हेच ग्राहक आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींवरही असतात. म्हणून मॉर्फिननं आतड्याची हालचाल मंदावते. सुरुवातीची मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते, पण बद्धकोष्ठाला शरीर सरावत नाही. पहिल्या गोळीसोबतच रेचक सुरू करायला हवं. ते लिहून द्यायचं राहिलं, तर आठवड्याभरात रुग्ण पोट फुगून बेजार होतो आणि घरचे "हे औषध सोसत नाही" म्हणून मॉर्फिनच बंद करतात. दोष मॉर्फिनचा नसतो, राहून गेलेल्या रेचकाचा असतो.

आता चार तासांचा हिशेब. गिळलेलं मॉर्फिन आतड्यातून आधी यकृतात जातं. यकृत त्यातल्या बऱ्याच भागाला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून त्याचं रूप बदलतं, त्यामुळे साधारण एक तृतीयांशच मूळ रूपात रक्तात पोचतं. म्हणून तोंडानं ३० मिलिग्रॅम म्हणजे इंजेक्शनानं सुमारे १० मिलिग्रॅम. रक्तातलं प्रमाण दोन ते चार तासांत निम्मं होतं, म्हणून साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते. यकृतात तयार होणाऱ्या रूपांपैकी एक, एम-६-जी, स्वतःही वेदनाशामक आहे आणि ते मूत्रपिंडातून बाहेर जातं. मूत्रपिंडं थकलेली असली तर अशी रूपं साचतात. रुग्णाला ग्लानी येते, हातापायांना झटके येतात. अशा वेळी डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा दोन मात्रांमधलं अंतर वाढवतात.

सर्वसाधारण प्रौढ रुग्णासाठी नेहमीची सुरुवात अशी असते: सकाळी ६, १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ वाजता ५-५ मिलिग्रॅम, आणि रात्री १० वाजता दुप्पट, म्हणजे १० मिलिग्रॅम, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. वृद्ध आणि अशक्त रुग्णांना निम्म्यापासून सुरू करतात. मधेच कळ आली तर एका वेळच्या मात्रेइतकी जादा मात्रा द्यायची आणि वहीत वेळेसह नोंदवायची. त्या नोंदींवरून डॉक्टर पुढची मात्रा ठरवतात. 'दुखेल तेव्हाच द्या' ही सर्वांत महागात पडणारी चूक. वेदना भडकल्यावर तिला खाली आणायला जास्त औषध लागतं. आणखी एक गफलत: १० मिलिग्रॅमची साधी गोळी अर्धी करता येते, पण बारा तास पुरणारी, हळूहळू विरघळणारी गोळी कधीही तोडू किंवा कुटू नये. तिच्यातलं सगळं औषध एकदम सुटतं. रेडिएशननं वेदना कमी झाली, तर मात्राही डॉक्टरांना विचारून उतरवावी लागते, नाहीतर रुग्ण सुस्त पडतो.

श्वास थांबण्याची भीती निराधार नाही. मेंदूच्या देठातल्या श्वसनकेंद्रावरही म्यू ग्राहक असतात. पण तोंडावाटे हळूहळू वाढवलेल्या मात्रेत गुंगी आधी दिसते आणि तो इशारा ओळखता येतो. व्यसनाची भीतीही अशीच तपासून पाहावी. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम न थांबवता टप्प्याटप्प्यानं उतरवतात. पण नशेसाठी औषधामागे धावणं वेगळं, आणि वेदनेसाठी नीट देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांत ते क्वचितच आढळतं.

याच भीतीनं कायदा घडवला. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात चुकीला किमान १० वर्षांच्या कैदेची तरतूद होती आणि एका रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायला चार-पाच वेगवेगळे परवाने लागत. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी साठाच सोडला. देशातला वैद्यकीय वापर १९८५ च्या सुमारास वर्षाला ५७३ किलो होता, तो १९९७ पर्यंत १८ किलोवर आला. वर सांगितलेल्या सुरुवातीच्या मात्रेनं, रोज ३० मिलिग्रॅम धरून, एका रुग्णाला ९० दिवसांना २.७ ग्रॅम लागतात. म्हणजे १८ किलो सुमारे ६,७०० रुग्णांना पुरेल. ५७३ किलो २ लाखांहून अधिक जणांना. अनेकांची मात्रा वाढवावी लागते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे याहून कमीच भरतील.

२०१४ च्या दुरुस्तीनं आणि २०१५ च्या नियमांनी हा गुंता सोडवला. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' अशी एकच मान्यता लागते. अट अशी की प्रशिक्षित डॉक्टर जबाबदार हवा, वर्षाची अंदाजित गरज कळवायला हवी आणि साठ्याची काटेकोर नोंद हवी. नियम देशभर एकच, तरी ज्या जिल्ह्यात अर्ज करणारा प्रशिक्षित डॉक्टरच नाही, तिथं गोळी पोचत नाही.

केरळनं हीच कडी आधी जोडली. १९९३ मध्ये कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकारानं 'पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी' उभी राहिली. पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं जाळं विणलं गेलं आणि २००८ मध्ये राज्याचं धोरण आलं. पंचायतीची नर्स ठरल्या दिवशी घरी येते, कॅथेटर (लघवीची नळी) बदलते, जखम धुते, दुर्गंधी येणाऱ्या जखमेवर मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाची पूड घालते. देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे ३ टक्के असलेल्या या राज्यात देशातली बहुसंख्य उपशामक सेवा केंद्रं आहेत, ती मोठ्या इमारतींमुळे नव्हेत. महाराष्ट्रानंही २०१२ मध्ये धोरण केलं, पण कागदावरून खेड्यातल्या घरापर्यंतचं अंतर अजून मोठं आहे.

या रिकाम्या जागेत 'शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर मुळासकट बरा' करणारे काढे आणि पुड्या शिरतात. 'भोग आहे, भोगूनच संपवावा लागतो' असंही सांगितलं जातं. एकात कुटुंबाचे पैसे जातात, दुसऱ्यात रुग्णाच्या रात्री. वेदना हा चेतापेशींमधला निरोप आहे, कुणाच्या पापाचा हिशेब नव्हे.

दूरच्या जिल्ह्यातल्या कुटुंबानं कॅन्सर रुग्णालयातून घरी निघण्याआधी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: घराजवळचं मॉर्फिन देणारं केंद्र कुठलं, पुढच्या भेटीपर्यंत पुरेल इतकी औषधं आणि कळ वाढल्यास फोन करायचा क्रमांक. २८ दिवसांना रोज ३० मिलिग्रॅमच्या हिशेबानं १० मिलिग्रॅमच्या ८४ गोळ्या होतात, जादा मात्रांसाठी थोड्या वर. प्रवासात गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. घरी त्या कुलपात, मुलांच्या हाताबाहेर असाव्यात. औषध उरलं तर शेजारच्या रुग्णाला देऊ नये. ते केंद्रात परत करून वहीत नोंद करून घ्यावी.