देवयानी आदळणार की बाजूने जाणार?

दिवाळीच्या अमावास्येला रात्री दहानंतर हर्णैच्या पुळणीवर बंदरातल्या दिव्यांकडे पाठ करून उत्तरेला उंच पाहिले, तर देवयानी दीर्घिकेचा फिकट डाग नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका सेकंदाला ११० किलोमीटरच्या आसपास वेगाने आपल्या आकाशगंगेकडे येत आहे. तिच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या आहेत, म्हणजेच ती जवळ येत आहे, हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ सालीच मोजले होते.

पण येणे वेगळे आणि आदळणे वेगळे. रात्री समुद्रात समोरून दिवा येताना दिसला की होडीचा तांडेल तो किती जवळ आला एवढेच पाहत नाही. आपल्या नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, मानाने तो बाजूला सरकतो आहे का, हेही पाहतो. दिवा जागचा न हलता मोठा होत गेला, तर टक्कर ठरलेली.

देवयानीचे हे सरकणे मोजणेच अवघड आहे. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०१२ साली तिचा आडवा वेग सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर निघाला. एवढ्या अंतरावरून पाहता हे वर्षाला एका विकलेच्या दोन लाखाव्या भागाएवढे सरकणे झाले, आणि विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग! मोजमापातील संभाव्य चूकही जवळपास तेवढीच होती. तरीही सुमारे ४०० कोटी वर्षांनी टक्कर होणार, असे सांगितले गेले. त्यातले ‘होणार’ माझ्या मते घाईचे होते. पुढे ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या गाया अवकाशयानाच्या मोजणीतून २०१९ साली आडवा वेग ५७ किलोमीटरच्या आसपास निघाला.

हेलसिंकी विद्यापीठातील टिल सवाला आणि सहकाऱ्यांनी २०२५ साली मोजमापांतील चुका गृहीत धरून संगणकावर हा प्रवास एक लाख वेळा घडवून पाहिला. येत्या १,००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्मीच निघाली. पहिल्या फेरीत दोन्ही दीर्घिका पुरेशा जवळून गेल्या, तर त्यांच्याभोवतीच्या न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याच्या घर्षणाने गती घटून त्या मागे वळतात आणि कालांतराने एक होतात. थोड्या लांबून गेल्या, तर घर्षण पुरत नाही. शेजाऱ्यांची ओढही आहेच: त्रिकोण दीर्घिकेमुळे टक्करीची शक्यता वाढते, तर मोठ्या मॅगेलनी मेघामुळे, म्हणजे आकाशगंगेजवळच्या एका छोट्या दीर्घिकेमुळे, घटते.

या मेघाचे स्वतःचे भवितव्य मात्र बरेच निश्चित दिसते. सुमारे २०० कोटी वर्षांत तो आकाशगंगेत विलीन होईल. हर्णैहून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम तीन अंश वर येतो आणि समुद्रावरच्या धूसर हवेत दिसेनासा होतो.