फायर अलार्म यंत्रणेची निवड (नागपूर)

धूर, उष्णता किंवा माणसाने दाबलेले बटण यांवरून आग ओळखून इमारतीतल्या सगळ्यांना सावध करणारी यंत्रणा म्हणजे फायर अलार्म. डिटेक्टर, काच फोडून दाबायची लाल डबी, हूटर आणि या साऱ्यांना जोडणारे पॅनल हे तिचे भाग. निवड, उभारणी व देखभाल यांसाठी आयएस 2189 हे भारतीय मानक आहे. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमानुसार यंत्रणा चालू ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी असून परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते.

नागपुरात पहिला विचार उन्हाळ्याचा करावा लागतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, टिनाच्या शेडखाली त्याहूनही वर. 57 अंशांच्या आसपास वाजणारा हीट डिटेक्टर तिथे आगीशिवायच वाजू शकतो. अशा जागी वरच्या तापमानाचाच घ्यावा. कळमन्यातल्या मिरचीच्या गोदामात वेगळीच अडचण. धुराच्या डिटेक्टरच्या जाळीतून भुकटी आत गेली की तो तिलाच धूर समजतो. दोन-चारदा असे झाले की चौकीदार हूटर बंद करून ठेवतो, आणि खरी आग लागते तेव्हा इमारत मुकी असते. म्हणून खोटा अलार्म ही किरकोळ तक्रार मानू नये.

लहान इमारतीला झोनवार चालणारे कन्व्हेन्शनल पॅनल पुरते. ते 'दुसरा मजला' एवढेच सांगते. अॅड्रेसेबल पॅनल नेमका डिटेक्टर दाखवते. रामदासपेठ, धंतोलीतल्या रुग्णालयांनी त्यात काटकसर करू नये: तिथला रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाही, खोली शोधण्यात गेलेले प्रत्येक मिनिट त्याच्या वाट्याचे असते. जवळच्याच भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 रोजी जिल्हा रुग्णालयाच्या आगीत 10 नवजात बालके दगावली.

वीज गेल्यावर बॅटरीवर यंत्रणा किमान 24 तास जागी राहायला हवी.

शेवटी कूलर. त्याचा झोत धुराला डिटेक्टरपासून दूर ढकलतो. काम हिवाळ्यात झाले तर खिडकी रिकामी दिसते, तेव्हा कूलर कुठे लागतो हे घरच्यांनीच सांगावे. त्याच्या घरघरीत जिन्यातला हूटरही ऐकू येत नाही. झोपायच्या खोलीत उशाशी 75 डेसिबल आवाज पोहोचावा, असे मानक सांगते. ही चाचणी दार लावून, कूलर पूर्ण वेगाने चालू ठेवूनच घ्यावी.