ख्रिस्ती उपासना

ख्रिस्ती उपासना : येशू ख्रिस्ताच्या द्वारे देवाला वाहिलेली स्तुती, प्रार्थना, प्रभुभोजन (येशूच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) आणि त्यांच्याबरोबर रोजचे कामकाज, या सर्वांना मिळून असलेली संज्ञा. रविवारच्या उपासनेचा क्रम परिचित असल्याने येथे संज्ञेचा अर्थ आणि घरगुती आचार यांचाच विचार केला आहे.

संज्ञा : मराठीतील ‘उपासना’ म्हणजे व्युत्पत्तीने ‘जवळ बसणे’ (उप + आस्). बायबलच्या मूळ भाषांत मात्र बसणे नाही. वाकणे आणि राबणे आहे. हिब्रू ‘अवोदा’ हा एकच शब्द शेतातल्या कष्टाला, मिसर देशातल्या वेठीला (निर्गम १:१४) आणि मंदिरातल्या सेवेलाही चालतो. साष्टांग नमनासाठी येणाऱ्या ‘हिश्तहवा’ या क्रियापदाविषयी मतभेद आहेत. जुने व्याकरणकार ते ‘वाकणे’ या अर्थाच्या ‘श-ह-ह’ धातूपासून साधत. सिरियातील रास शमरा येथे १९२९ पासून उगारिटिक या हिब्रूशी नाते असलेल्या प्राचीन भाषेतले लेख मिळू लागल्यावर त्याचा संबंध ‘ह-व-य’ या वेगळ्या धातूशी जोडला गेला. नव्या कोशांचा कल या दुसऱ्या मताकडे आहे, तरी पहिल्याचे समर्थकही आहेत. कपाळ जमिनीला टेकणे हा अर्थ दोन्ही पक्षांना मान्य आहे.

ग्रीक ‘लेइतुर्गिया’चे मूळ धार्मिक नव्हे. अथेन्समध्ये धनिक नागरिकाने स्वखर्चाने युद्धनौका सज्ज करणे किंवा नाट्यस्पर्धेतील गायकवृंदाचा खर्च उचलणे, याला हे नाव होते. ‘लोकांनी केलेले काम’ अशी त्याची फोड अलीकडे प्रवचनांतून ऐकू येते. ‘लोकांसाठी केलेले काम’ ही जुन्या वापराला अधिक जुळते.

खरा वाद आहे तो रोमकरांस पत्रातील १२:१ या वचनाचा. आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करावीत, हीच तुमची ‘लोगिके लात्रेइया’, असे प्रेषित पौल लिहितो. ‘लात्रेइया’ म्हणजे सेवा, पूजा. अडते ते ‘लोगिके’पाशी. लॅटिन भाषांतराने ‘बुद्धियुक्त’ हा अर्थ घेतला. मराठी पवित्र शास्त्रात ‘आध्यात्मिक सेवा’ आहे. एपिक्टेटस हा स्टोइक तत्त्वज्ञ (सु. ५०–१३५) म्हणतो की, मी बुलबुल असतो तर बुलबुलासारखा गायलो असतो, पण मी ‘लोगिकोस’ (विवेकशील) आहे, म्हणून देवाचे स्तवन हे माझे काम. हा वापर पाहता ‘विवेकी माणसाला साजेशी’ हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. शिवाय वाक्यात ‘शरीरे’ हा शब्द असताना केवळ ‘आध्यात्मिक’ म्हटल्याने हातापायांची मेहनत निसटते.

प्रारंभीचा आचार : बिथिनियाचा (आजच्या तुर्कस्तानातील प्रांताचा) रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पाठवलेल्या पत्रात (इ. स. १११ ते ११३ च्या दरम्यान) ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात, असे म्हटले आहे. पुढे पुन्हा जमून ते साधेच अन्न खातात, हेही त्याने नोंदवले. पहाटेच्या वेळेचे एक कारण उघड आहे : रविवार तेव्हा कामाचा वार होता. तो सुटीचा करणारे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचे फर्मान ३२१ चे, आणि त्यातही शेतीकामाला सूट होती.

‘डिडाखे’ या लघुग्रंथात (पहिल्या शतकाची अखेर किंवा दुसऱ्याचा प्रारंभ) प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) दिवसातून तीनदा म्हणावी असे आहे. त्या प्रार्थनेतल्या ‘रोजच्या भाकरी’चा ‘एपिऊसिओस’ हा शब्द त्यापूर्वीच्या ग्रीकमध्ये निश्चितपणे आढळत नाही. तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ऑरिजेनच्या मते तो शुभवर्तमानकारांनीच घडवला. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने लूकच्या शुभवर्तमानात त्याचे ‘रोजची’ असे भाषांतर केले आणि मत्तयच्या शुभवर्तमानात त्याच शब्दाचे ‘अस्तित्वापलीकडची’. मराठी घरात जेवणापूर्वी डोळे मिटणाऱ्याला अर्थातच समोरची भाकर अभिप्रेत असते. रोजचे कामही उपासनेत धरले जाई : सहाव्या शतकात इटलीतील मठप्रमुख बेनेडिक्टच्या नियमावलीने मठातली सर्व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे हाताळावीत असे कोठीवाल्या साधूला बजावले.

महाराष्ट्र व गोवा : टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीत आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) परिसरातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत भजन-कीर्तनाचा घाट रुजला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांचे (१८६१–१९१९) अभंग आणि पदे आजही तेथील उपासनेत गायली जातात. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही सामावून घेणारा ‘देवाचा दरबार’ त्यांनी १९१७ मध्ये स्थापला. कॅथलिक मिस्सा (प्रभुभोजनाचा विधी) मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. त्या परिषदेचे उपासनाविषयक घटनापत्र ४ डिसेंबर १९६३ चे आहे. मुंबईच्या गावठाणांतले अनेक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या काळात उभारलेले असून मे महिन्यात त्यांच्यापुढे लदीन (आळवणीची सामूहिक प्रार्थना) म्हटली जाते.

गोव्यात संध्याकाळची घंटा झाली की घरातल्या आल्तारासमोर (वेदीसमोर) ‘तेर्स’ म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. मोठे माणूस प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणते, बाकीचे उरलेला. पेंगुळलेली मुले शेवटी थोरांपुढे हात जोडून ‘बेसांव दी’ (आशीर्वाद द्या) म्हणतात आणि आशीर्वाद घेऊन मगच जेवायला बसतात. ‘तेर्सो’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये तिसरा हिस्सा : पारंपरिक पूर्ण जपमाळेत मरियेच्या नमनाची १५० आवर्तने, घरी त्यांतली ५०. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये पाच रहस्यांची (प्रत्येकी दहा नमनांसह चिंतनाच्या प्रसंगांची) भर घातल्याने हा हिस्सा हिशेबाने चौथा झाला आहे. नाव मात्र तेर्सच आहे.