हुकूम वाचणारा कारकून : कोल्हापूरच्या दफ्तरी श्रुतिकांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात पेठेतली हौशी मंडळी संस्थानी कागदांवरून ज्या श्रुतिका, म्हणजे नुसत्या आवाजातली नाटके, बसवतात, त्यांचे मूळ नाटकाच्या तालमीत नाही, मोडीच्या वर्गात आहे. मोडी मनातल्या मनात वाचून सहसा सुटत नाही. शब्द सुटे नसतात, विरामचिन्हे नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ कागदावर सारखेच. म्हणून एकाने ओळ मोठ्याने म्हणायची, दुसऱ्याने ‘थांब, तिथे तोड’ म्हणायचे, तिसऱ्याने मागचा संदर्भ लावायचा. एका ओळीवर चार गळे. रुमालातून, म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातून, निघालेला एखादा अर्ज असा तासभर घोळवला की अर्जदाराचा सूर कानात बसतो. कुठे तो अजिजी करतो, कुठे मुद्द्यावर येतो, कुठे आधीच्या अर्जाची आठवण करून देतो, सगळे कळू लागते. लिप्यंतराच्या वहीत हा सूर उतरत नाही. तो हातचा जाऊ नये म्हणून वाचन मोबाइलवर टिपायला सुरुवात झाली, आणि बाकी सारे त्यातून वाढले.

विषय निवडताना ताराराणींचा काळ, सातारा आणि कोल्हापूरच्या गाद्यांमधला १७३१ चा वारणेचा तह, ३१ जुलै १८५७ च्या रात्रीचा शिपायांचा उठाव आणि छत्रपतींचे भाऊ चिमासाहेब यांची कराचीला झालेली रवानगी हे सगळे पुढे येतेच. संहिताही झाल्या आहेत. पण त्या कागदांत बोलणारे बहुधा सरदार, वकील आणि साहेब. ज्याच्या तोंडी आपल्या आजीची भाषा घालता येईल असा माणूस १८९४ ते १९२२ या शाहूकाळात जास्त भेटतो. वसतिगृहात जागा मागणारा, शिष्यवृत्तीसाठी लिहिणारा, नोकरीवर हक्क सांगणारा. १९१७ च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाच्या आदेशानंतर तर शाळा हीच घराघरातली गोष्ट झाली. आवाजांच्या दृष्टीनेही हा काळ जवळचा आहे. १९०६ साली उभी राहू लागलेली शाहू मिल बंद पडली, पण तिच्या भोंग्यावर घरातले घड्याळ लावणारी माणसे अजून गावात आहेत. भोंगा नेमका कसा वाजायचा हे त्यांना विचारता येते.

या सगळ्यात ज्यावरून खरी खडाजंगी झाली तो प्रश्न एकच: शाहू महाराजांना आवाज द्यायचा की नाही?

देऊ नये असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता. रंगमंचावर फेटा, मिशा, पेहराव दिसतो. हा नट आहे हे प्रेक्षकाला क्षणभरही विसरता येत नाही. नुसत्या आवाजात तो आधार नाही. त्यातला तीस सेकंदांचा तुकडा कापून २६ जूनला जयंतीच्या दिवशी फिरू लागला, तर ‘महाराजांचा मूळ आवाज’ म्हणून तो पोचणार, आणि आपण लिहिलेले वाक्य त्यांच्या नावावर कायमचे जमा होणार. यंत्राकडून हवा तसा आवाज काढता येऊ लागल्यापासून तर ही भीती दुप्पट झाली. द्यावा असे म्हणणाऱ्यांकडेही उत्तर होते. इतक्या नटांनी इतकी वर्षे महाराज उभे केले, लोकांनी ते डोक्यावर घेतले, मग माइकपुढेच सोवळे का? शिवाय महाराजांशिवाय शाहूकाळ ऐकवायचा म्हणजे देव्हाऱ्यातून मूर्ती काढून आरती म्हणण्यासारखे.

हा वाद मिटवला तो एका तारखेने. पहिली मोठी संहिता पन्नास टक्के आरक्षणाच्या जाहीरनाम्यावर होती. तिच्या पहिल्या खर्ड्यात दरबार भरला होता, महाराज हुकूम सांगत होते, चिटणीस लिहून घेत होता. प्रवेश जोरकस होता. पण हुकूम २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात आला तेव्हा महाराज कोल्हापुरात नव्हतेच. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले होते, आणि राजाच्या आजारपणामुळे तो सोहळा जूनवरून ९ ऑगस्टवर गेला होता. म्हणजे त्या दिवशी गावात हुकुमाचा कागद होता, महाराजांचा आवाज नव्हता. दरबाराचा प्रवेश गळाला.

त्याच्या जागी आली एक कचेरी आणि हुकूम वाचणारा कारकून. माझ्या मते सबंध उपक्रमाला खरा सूर सापडला तो इथे. हुकुमाची भाषा कोरडी आहे: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना, ज्या कचेरीत त्यांचे प्रमाण तेवढे नाही, तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातलीच, आणि प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस पत्रक पाठवावे. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व ते मागासलेले, अशी व्याख्याही दिली आहे. १८९४ साली संस्थानच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. म्हणजे तो कागद ज्याच्या टेबलावर पडला, त्याने स्वतःच्या भाच्याच्या नोकरीवर गदा आणणारा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला असणे अगदी शक्य आहे. श्रुतिकेत तो व्याख्येपाशी अडखळतो, मागे जाऊन तीच ओळ पुन्हा वाचतो. मग पत्रकाचा तक्ता आखायला घेतो. रूळ ठेवल्याचा आणि टाक ओढल्याचा आवाज तेवढा येतो.

विरोध संपला नाही. बहिष्कृत वर्गाच्या माणगावच्या १९२० च्या परिषदेवर लिहायचे ठरले तेव्हा, तिथले महाराजांचे भाषण छापील आहे, ते तरी महाराज म्हणूनच म्हणू द्या, असा आग्रह पुन्हा झाला. तोडगा निघाला तो असा की छापलेले शब्द निवेदकाने वाचायचे, आणि ‘भाषणात म्हटले आहे’ हे आधी सांगायचे. काहींना हे अजूनही कोते वाटते.

‘श्रुतिका’ हा शब्द मात्र कोणी मुद्दाम निवडला नाही, तो रेडिओकडून आला. १९६३ साली आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले आणि कोल्हापूरच्या दोन पिढ्यांनी आवाजातले नाटक त्यावरच ऐकले. त्याआधीही गाव आवाजाला नवखे नव्हते. प्रभात फिल्म कंपनीचा पहिला बोलपट १९३२ साली इथेच तयार झाला. कंपनी पुढच्या वर्षी पुण्याला गेली. २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू लागला, पण परवाना, मनोरा आणि खर्च हे सगळे पेठेतल्या गटाच्या आवाक्याबाहेरचे. त्यांचे काम मोबाइलवरच चालले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. पॅलेस थिएटर म्हणून शाहूकाळात उभे राहिलेले ते घर डोळ्यांदेखत गेले. हौशी नाटकवाले काही काळ अक्षरशः बेघर झाले, आणि त्यांतले बरेचजण श्रुतिकांकडे वळले. त्यांच्याबरोबर अभिनय आला, पण ठाकठीक पुणेरी उच्चारही आला, आणि बोलीचा प्रश्न उभा राहिला. कोल्हापूरची बाई ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणते. बाहेरच्याला ती चूक वाटते, इथे ती आईची भाषा आहे. अर्ज करणारी विधवा ‘मी तीनदा कचेरीत आलो’ असे म्हणते तेव्हा ते बदलायचे नाही, हे एकमताने ठरले. या एकाच मुद्द्यावर कधी वाद झाला नाही.

रेकॉर्डिंग कोणाच्या तरी माडीवर होते. खिडक्यांना गोधड्या, पंखा बंद, खालच्या घरी कुकर न लावण्याची विनंती. जून ते सप्टेंबर काम थांबते, कारण पत्र्यावरचा पाऊस गोधडीला आवरत नाही. त्या चार महिन्यांत पुढच्या भागाचे कागद मोठ्याने वाचून घेतात.