कावळ्याचे दुर्मीळ भाऊबंद

कावळ्यांना संरक्षणाची गरज आहे असं म्हटलं, की बहुतेकांना ते पटत नाही. कचऱ्यावर पोट भरणारा, तारांचे तुकडे जमवून घरटं बांधणारा, माणसाच्या हातातला घास पळवणारा हा पक्षी. त्याला कसली आलीये भीती? शंका रास्त आहे, पण ती एका मोठ्या कुळातल्या मोजक्या जातींकडे पाहून घेतलेली आहे. कावळ्यांच्या कुळात, म्हणजे कॉर्व्हिडीमध्ये, सुमारे १३० जाती आहेत. माणसाच्या आसऱ्याने वाढलेल्या जाती त्यांतल्या थोड्याच. उरलेल्यांपैकी कित्येक एखाद्या बेटावर, एखाद्या डोंगरउतारावर किंवा एकाच प्रकारच्या झुडपी रानात जगतात, आणि ते रान हललं की त्यांना दुसरं घर नसतं. गावकावळ्यांचा गलका इतका मोठा आहे, की त्यामागे हे चुलतभाऊ ऐकूच येत नाहीत.

कुळाचा पसारा मोठा आहे. कावळे आणि त्यांच्याहून थोराड रेव्हन, रूक आणि जॅकडॉ, लांब शेपटीचे मॅगपाय आणि टकाचोर, निळे-हिरवे ‘जे’ पक्षी, लाल किंवा पिवळ्या चोचीचे चफ, झाडांच्या बिया पुरून ठेवणारे नटक्रॅकर, वाळवंटात जमिनीवर धावणारे ‘ग्राउंड जे’, हे सगळे एकाच कुळातले. मेक्सिकोच्या डोंगरांतला ड्वार्फ जे जेमतेम ४० ग्रॅमचा, तर रेव्हनचं वजन किलोच्या वर जातं. चिमणी, बुलबुल, मैना ज्या गणात मोडतात त्याच गणातला हा रेव्हन, आणि त्या गणात त्याच्याएवढा थोराड पक्षी इथिओपियातला जाड चोचीचा रेव्हन सोडला तर दुसरा नाही.

या पक्ष्यांची एक ओळखीची खूण म्हणजे नाकपुड्या झाकणारी, पुढे वळलेली राठ पिसं. कुठलाही कावळा जवळून दिसला तर चोचीच्या मुळाशी ती नीट पाहून घ्यावीत. अमेरिकेतल्या पिन्यन जेला मात्र ती नसतात. डिंकाने चिकट झालेल्या पाइनच्या शंकूंत तो चोच थेट मुळापर्यंत खुपसतो. तिथे पिसं असती तर ती चिकटून बसली असती.

कुळाच्या कडेला कोण आत आणि कोण बाहेर, हे ठरवताना अभ्यासकांचीही फसगत झाली आहे. तिबेटच्या पठारावर जमिनीवर टुणटुण उड्या मारणारा एक मातकट पक्षी शंभराहून अधिक वर्षं सर्वांत छोटा ग्राउंड जे मानला जात होता. २००३ मध्ये त्याची हाडं आणि डीएनए तपासल्यावर तो रामगंगेच्या, म्हणजे टिटच्या कुळातला निघाला. उलट बाजूचं कोडं निळ्या पंखांच्या मॅगपायचं. हा पक्षी चीन-जपानच्या बाजूला सापडतो आणि मग एकदम स्पेन-पोर्तुगालमध्ये; मधल्या हजारो किलोमीटरमध्ये एकही नाही. पोर्तुगीज खलाशांनी तो पूर्वेकडून आणला असणार, असा तर्क बराच काळ चालला. पण जिब्राल्टरच्या गुहेत त्याची ४० हजारांहून अधिक वर्षं जुनी हाडं मिळाली आणि तो तर्क संपला. एकेकाळी सलग पसरलेली वस्ती मधोमध तुटली आणि दोन टोकं उरली, असंच म्हणावं लागतं. आता ही दोन टोकं दोन वेगळ्या जाती मानली जातात.

जात म्हणजे नेमकं काय, हा प्रश्नही या कुळाने चांगलाच अवघड करून ठेवला आहे. युरोपात पश्चिमेला पूर्ण काळा कॅरियन कावळा आणि पूर्वेला राखी अंगाचा हूडेड कावळा. दोघांच्या सीमेवर एक अरुंद पट्टा आहे, तिथे त्यांचा संकर होतो. २०१४ मध्ये त्यांचे जनुकसंच ताडून पाहिले तेव्हा फरक एक टक्क्याहूनही कितीतरी कमी निघाला, आणि तोही मुख्यतः रंग आणि दृष्टी यांच्याशी संबंध असलेल्या जनुकांभोवती एकवटलेला. तरीही हे दोन रंग मिसळून एक होत नाहीत, कारण बहुतेक पक्षी जोडीदार निवडताना आपल्यासारखाच रंग पाहतात.

हुशारीबद्दल बरंच बोललं जातं, त्यामुळे त्यावर थोडक्यात. २०१६ मध्ये पक्ष्यांच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या गेल्या. तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूपेक्षा कावळे आणि पोपट यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात चेतापेशी जास्त भरल्या. मेंदू छोटा, पण पेशी दाटीवाटीने बसवलेल्या. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटाचा कावळा डहाळीला आकडा काढून लाकडातल्या अळ्या ओढतो, हे १९९६ पासून नोंदलेलं आहे. स्क्रब जे या अमेरिकेतल्या पक्ष्याला आपण कुठे काय पुरलं एवढंच नाही, तर ते किती दिवसांपूर्वी पुरलं हेही आठवतं. १९९८ च्या एका प्रयोगात त्यांनी अळ्या आणि शेंगदाणे वेगवेगळ्या ठिकाणी लपवले. थोड्याच तासांनी सोडलं तर ते आवडत्या अळ्यांकडे जात. पाच दिवसांनी सोडलं तर अळ्या सडलेल्या असणार हे जाणून थेट शेंगदाण्यांकडे.

मला मात्र या स्मरणशक्तीपेक्षा तिच्यामुळे जे उगवतं ते अधिक महत्त्वाचं वाटतं. उत्तर अमेरिकेच्या उंच डोंगरांवर व्हाइटबार्क पाइन नावाचं झाड वाढतं. त्याचे शंकू पिकले तरी आपणहून उघडत नाहीत आणि बियांना वाऱ्यावर उडण्यासाठी पंख नसतात. हे काम क्लार्क्स नटक्रॅकर करतो. टोकदार चोचीने तो शंकू फोडतो, एकेक बी चोचीत धरून पोकळ तर नाही ना हे तपासतो आणि जिभेखालच्या पिशवीत ठेवत जातो. पिशवी भरली की कित्येक किलोमीटर उडत जाऊन मोकळ्या उतारावर उतरतो, जमिनीत चोच खुपसून दोन-तीन सेंटिमीटर खोल तीन-चार बिया ठेवतो आणि वरून माती सारतो. एका मोसमात एक पक्षी अशा हजारो जागा करतो. बियांचा आकडा ९८ हजारांपर्यंत गेल्याची नोंद आहे. बर्फ पडल्यावर त्या शोधायच्या कशा? एका प्रयोगात रिंगणाच्या एका बाजूचे दगड ठरावीक अंतराने सरकवले, तर पक्षी नेमका तेवढ्याच अंतराने सरकून उकरू लागला. दगड, ओंडके, झाडं यांच्या खुणांवर तो जागा लक्षात ठेवतो. जे उकरायचं राहून जातं, त्यातून नवं रान उभं राहतं.

आता ही साखळी दोन्ही टोकांनी सैल झाली आहे. आयात केलेल्या रोपांबरोबर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आलेला ब्लिस्टर रस्ट हा बुरशीचा रोग आणि ऊब वाढल्याने उंचावर पोचलेले खोड पोखरणारे भुंगेरे यांनी व्हाइटबार्कची रानंच्या रानं वाळवली. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने हे झाड संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली घेतलं. शंकू फार कमी झाले की नटक्रॅकर त्या डोंगराकडे फिरकत नाही. पक्षी गेला की उरल्यासुरल्या झाडांच्या बियाही पेरल्या जात नाहीत. रोगाला दाद न देणारी रोपं निवडून लावण्याचं काम सुरू आहे, पण हे झाड शंकू धरायलाच काही दशकं घेतं.

दक्षिण इथिओपियातला बुशक्रो या पक्ष्याचं संकट याहून वेगळं, आणि मला विचाराल तर या कुळातलं सर्वांत चकित करणारं. राखाडी अंग, डोळ्यांभोवती निळी उघडी कातडी, घरटं काटेरी झाडाच्या शेंड्याला गोळ्यासारखं. विज्ञानाने त्याची नोंद १९३८ मध्ये केली. याबेलो गावाच्या आसपासच्या छोट्याशा टापूत तो सहज दिसतो आणि त्याच्या बाहेर एकदम दिसेनासा होतो, जरी माती तीच, झाडं तीच आणि गुरंही तशीच चरत असली तरी. बराच काळ कुणाला कारण कळेना. शेवटी तापमानाचे नकाशे काढल्यावर उत्तर मिळालं: हा टापू भोवतालच्या प्रदेशापेक्षा किंचित थंड आहे आणि पक्षी त्या गारव्याच्या सीमेबाहेर पाऊल टाकत नाही. ऊन वाढलं की तो धापा टाकतो, सावली गाठतो आणि चरणं सोडतो. त्याच माळावरच्या मैनांच्या जातभाईंना तेवढ्या उन्हाचं काही वाटत नाही. भिंत नसलेला हा पिंजरा पृथ्वी तापेल तसा आकसत जाणार आहे.

बेटांवरची गोष्ट आणखी कठीण. इंडोनेशियातला बांगाई कावळा एकोणिसाव्या शतकात गोळा केलेल्या दोन नमुन्यांवरून माहीत होता. पुढे शंभराहून अधिक वर्षं त्याचा पत्ता नव्हता. २००७ मध्ये तो पेलेंग बेटावर पुन्हा सापडला. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालाबरोबर ब्राउन ट्री स्नेक हा साप पोचला आणि त्याने तिथले रानपक्षी जवळपास संपवले. मारियाना कावळाही ग्वामवरून गेला. आता तो शेजारच्या रोटा बेटावरच आहे. तिथे घरट्यांतली अंडी काढून, पिल्लं हाताने वाढवून पुन्हा रानात सोडली जातात. जावातला हिरवा मॅगपाय पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या बाजारासाठी इतका पकडला गेला, की रानात तो क्वचितच उरला आहे. त्याचा हिरवा रंग किड्यांतून मिळणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. पिंजऱ्यात ते मिळालं नाही की हिरवा पक्षी काही काळात निळा पडतो.

आणि मग हवाईचा कावळा, अलाला. त्याची मूळची रानातली वस्ती २००२ मध्ये संपली. डासांनी पसरवलेला पक्ष्यांचा मलेरिया, मांजरांमुळे आलेला टॉक्सोप्लाझ्मोसिस हा परजीवीचा रोग, डुकरं आणि गुरांनी तुडवलेलं रान अशा अनेक कारणांनी तो संपत आला. आज जे शंभरेक पक्षी आहेत, ते थोड्याशा पूर्वजांपासून पिंजऱ्यात वाढवलेले. २०१६ मध्ये कळलं, की हा पक्षीही न्यू कॅलेडोनियाच्या कावळ्यासारखा काडी वापरतो: त्या वेळी अस्तित्वात असलेल्या जवळपास प्रत्येक पक्ष्याची चाचणी घेतली, तर तीनचतुर्थांशाहून अधिक पक्ष्यांनी भोकातलं भक्ष्य काडीने काढलं. एका जातीतल्या बहुतेक साऱ्या पक्ष्यांची परीक्षा घेता येते, ही गोष्ट त्या जातीची अवस्था सांगायला पुरेशी आहे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पाच तरुण पक्षी रानात सोडले. काही दिवसांतच तीन मेले, त्यांत शिकार झालेलेही होते. उरलेले दोन परत आणावे लागले. हवाईत ईओ नावाचा ससाणा आहे. रानातले अलाला त्याला ओळखत आणि ओरडून एकमेकांना सावध करत. पिंजऱ्यातल्या पिढ्यांत इशाऱ्याच्या आणि हद्द सांगणाऱ्या हाका विरळ झाल्याचं ध्वनिमुद्रणांच्या तुलनेत दिसून आलं. आईबापांकडून मिळणारं हे ज्ञान कुठल्याही जनुकपेढीत साठवता येत नाही. म्हणून पुढच्या तुकड्यांना सोडण्याआधी ससाण्याची ओळख करून दिली: खरा ससाणा दाखवायचा आणि सोबत घाबरलेल्या अलालांच्या हाका ऐकवायच्या. त्याने सुरुवातीला फरक पडला. काही पक्षी वर्षानुवर्षं जगले, जोड्या जुळल्या, घरटीही बांधली. पण नंतर मृत्यू वाढले आणि २०२० मध्ये उरलेले पाच पुन्हा पकडून आणले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पाच पक्षी माउई बेटावर सोडले गेले. तिथे ईओची वस्ती नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती खरी आहे. जहाजांवर बसून गेलेला किंवा मुद्दाम नेलेला गावकावळा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो. तिथे त्याची संख्या आटोक्यात आणावी लागते आणि ते योग्यच आहे. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात कचरा, पाणी आणि विजेचे मनोरे मिळाल्याने रेव्हन वाढले आणि ते संकटात असलेल्या कासवांची मऊ पाठीची पिल्लं टिपतात. दोन्हीकडे पक्ष्याला वाढवणारं खाणं आणि बसायच्या जागा माणसानेच पुरवल्या आहेत, त्यामुळे नुसते पक्षी मारून भागत नाही.

मुबलक जातींबद्दलही निश्चिंत राहू नये, हे १९९९ नंतर अमेरिकेने पाहिलं. डासांतून पसरणारा वेस्ट नाइल विषाणू न्यूयॉर्कमध्ये पोचला आणि अमेरिकन कावळे रस्तोरस्ती मरून पडू लागले. या जातीला लागण झाली की ती क्वचितच वाचते. काही भागांत त्यांची संख्या ४५ टक्क्यांपर्यंत घटली. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता क्रूझ या एकाच बेटावर राहणाऱ्या आयलंड स्क्रब जेच्या काही पक्ष्यांना पकडून याच विषाणूची लस टोचण्यात आली, कारण तिथे साथ शिरली तर मागे दुसरी वस्ती नाही. अमेरिकन कावळ्यांची घट नेमकी मोजता आली ती मात्र साध्या नोंदींमुळे. १९६६ पासून दर उन्हाळ्यात स्वयंसेवक ठरलेल्या रस्त्यांवर थांबून दिसेल-ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी मोजत होते, आणि 'हे काय, नेहमीचेच कावळे' म्हणून त्यांनी कावळे कधी गाळले नव्हते.