झाड नको असलेले पाहुणे

पावसाळा लागला की ‘पडीक सड्यावर वृक्षारोपण’ ही बातमी एकदा तरी येतेच. सडा, म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार, ही वाया गेलेली जागा, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की तिथे आधीच कुणाचं बिऱ्हाड असेल असं मनातही येत नाही.

रत्नागिरी-राजापूरकडच्या जांभ्यावर मातीचा थर जेमतेम. पावसात गवत फोफावतं, दिवाळीनंतर वाळून पिवळं पडतं आणि नेमके तेव्हाच पाहुणे पक्षी उतरतात: काळ्या डोक्याचे भारीट, गप्पीदास, तिरचिमण्या आणि युरोप-मध्य आशियातून येणारा भोवत्या. हा शिकारी पक्षी असूनही झाडावर झोपत नाही. दिवस मावळताना गवताला घासून घिरट्या घालतो आणि गुडघाभर गवतात, जमिनीवरच, भाऊबंदांसह मुक्काम करतो. सकाळी तिथे चेपलेलं गवत आणि त्याने ओकलेल्या गोळ्या दिसतात. गोळी फोडली की नाकतोड्यांच्या तंगड्या, जबड्यांचे तुकडे, एखादं उंदराचं हाड.

झाडाच्या आडोशाशिवाय हे पक्षी थंडीत गारठत असतील, असं वाटेल. पण कोकणातली थंडी ती कितीशी! अडचण गारठ्याची नाही, धोका लांबून दिसण्याची आहे. उघड्यावर दाणे टिपणाऱ्या चंडोलाला झाड म्हणजे शिक्र्याचा, झाडावरून झडप घालणाऱ्या शिकारी पक्ष्याचा, टेहळणी बुरूज. म्हणून असे पक्षी झाडांच्या कडेपासून अंतर राखतात. समजा, ते अंतर 100 मीटर. चहूकडून झाडी असलेला एक किलोमीटर लांब-रुंद सडा म्हणजे 100 हेक्टर. कडा वजा जाता आत 800 गुणिले 800 मीटर, म्हणजे 64 हेक्टर उरतात. 300 मीटरच्या चौरसात 9 पैकी एकच हेक्टर. 200 मीटरच्या चौरसात शून्य! आता त्या मोठ्या सड्याच्या मधोमध आकेशियाच्या झाडांची एकच रांग लावा. दोन पट्टे पडले, प्रत्येकात 800 गुणिले 300, मिळून 48 हेक्टर. रांगेखाली जमीन गेली नाममात्र, पक्ष्यांची गेली 16 हेक्टर.

  

कलमं लावायचीच तर सड्याच्या एका अंगाला लावावीत, मधला भाग सलग सोडावा. गवत कापायलाही हरकत नाही, फक्त सगळं एकदम नको: कापलेल्या पट्ट्यात सांडलेलं बी भारिटांना टिपता येतं, उभ्या पट्ट्यात भोवत्या झोपतो. वणवा मात्र दोन्ही नेतो, आणि तो लागतो पाहुणे अजून मुक्कामाला असतानाच.